शेवटची अठ्ठ्याण्णव अक्षरे

"मला तर आयुष्यात कधी कावीळ झाली नाही," दादा डॉक्टरांना म्हणाला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी ज्या ठरावीक रक्ततपासण्या करून घेतात, त्यांतल्या एकीपुढे 'पॉझिटिव्ह' असे छापून आले होते. हिपॅटायटिस सी. हे २०१६ सालचे. डॉक्टरांनी विचारले, पूर्वी कधी रक्त चढवले होते का? तेव्हा कुठे आम्हाला १९८७ सालचा अपघात आठवला. मोडलेली मांडी, सरकणारे सलाईन आणि रक्ताच्या दोन बाटल्या. त्या बाटल्यांमुळे दादा वाचला, आणि बहुधा त्यांच्यातूनच हा पाहुणा आला. एकोणतीस वर्षे तो यकृतात मुक्काम करून होता.

दादाचे म्हणणे चुकीचे नव्हते. आपण हा आजार रंगाने ओळखतो. डोळे पिवळे, लघवी पिवळी, म्हणजे कावीळ. आमच्या गावी कावीळ उतरवणारे एक गृहस्थ होते. हाताला चुना चोळायचे, पाण्यात हात धुवायला लावायचे आणि पिवळे झालेले पाणी दाखवायचे. त्यांच्याकडे जाऊन बरे झालेले लोक खोटे सांगत नव्हते. दूषित पाण्यातून येणारी 'ए' आणि 'ई' या विषाणूंची कावीळ बहुतेकदा काही आठवड्यांत आपण होऊनच उतरते, चुना लावला काय नि न लावला काय. 'सी'ची गोष्ट निराळी. तो रक्तातून शिरतो, बहुतेकांना पिवळे करतच नाही, आणि ज्यांच्यात शिरतो त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांच्या यकृतात कायमचा राहतो. पुढे वीस-तीस वर्षांनी काहींना सिरॉसिस होतो, काहींना यकृताचा कर्करोग. आज जगात सुमारे पाच कोटी लोकांच्या शरीरात हा विषाणू आहे. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना दादासारखेच त्याचा पत्ता नाही.

माझे काम जुन्या पोथ्यांचे. कॉलेज अर्धवट सुटले, पण घराघरांत फडक्यात बांधून ठेवलेली हस्तलिखिते उघडायची, वाचायची, त्यांच्या याद्या करायच्या, हा नाद सुटला नाही. विज्ञानाशी माझा संबंध दहावीपुरता. दादासाठी म्हणून या विषाणूबद्दल वाचायला बसलो आणि चार्ल्स राइस या अमेरिकी शास्त्रज्ञापाशी अडकलो. त्यांनी जे केले ते मला फार ओळखीचे वाटले. एका पोथीचे शेवटचे पान हरवले होते, ते त्यांनी शोधून काढले.

आधीची हकीकत थोडक्यात सांगतो. १९६०च्या दशकात बरूच ब्लुमबर्ग यांना 'बी' विषाणूचा माग लागला, त्याबद्दल १९७६ साली त्यांना नोबेल मिळाले. (२८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणजे त्यांचा जन्मदिवस.) १९७३ साली स्टीफन फाइनस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ए' विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. आता रक्त घेतल्यानंतर होणाऱ्या काविळीचा उलगडा होईल अशी अपेक्षा होती. हार्वी ऑल्टर यांनी अशा रुग्णांचे रक्तनमुने वर्षानुवर्षे जपून ठेवले होते. ते तपासले तर बहुतेकांत ना ए, ना बी. १९७५ साली या आजाराचे बारसे झाले तेही याच नावाने, 'नॉन-ए, नॉन-बी'. जे नाही त्यावरून ठेवलेले हे नाव पुढे चौदा वर्षे टिकले. १९८९ साली कॅलिफोर्नियातल्या कायरन कंपनीत मायकेल हॉटन, क्वि-लिम चू, जॉर्ज क्वो यांनी, रोगनियंत्रण केंद्राच्या डॅनियल ब्रॅडली यांनी पुरवलेल्या चिंपांझीच्या रक्तद्रवातून, लाखो जनुकीय तुकडे चाळून या विषाणूचा एक तुकडा पकडला. त्यावरून रक्ताची चाचणी तयार झाली. म्हणजे दादाला रक्त दिले गेले तेव्हा या विषाणूला नावसुद्धा नव्हते, मग बाटली तपासणार कशी? भारतात रक्तपेढ्यांना ही तपासणी बंधनकारक झाली ती २००१ साली. १९८९ आणि २००१ यांच्यामधल्या बारा वर्षांचा हिशेब कोणी मांडावा, हा प्रश्न मला अधूनमधून छळतो.

विषाणूचा मजकूर हाती आला, चाचणी झाली, तेव्हा कोडे सुटले असे कोणालाही वाटावे. पण तो मजकूर मुका होता.

हे समजण्यासाठी आरएनए म्हणजे काय ते थोडे पाहावे लागते. आपल्या पेशीत मूळ ग्रंथ डीएनएचा. आरएनए ही त्यातून कामापुरती उतरवून घेतलेली प्रत. ती वाचून पेशी प्रथिने बनवते आणि काम झाले की प्रत फाडून टाकते. हिपॅटायटिस सी विषाणूने मूळ ग्रंथ ठेवलेलाच नाही. ती उतरवलेली प्रत हाच त्याचा ग्रंथ. ए, सी, जी आणि यू अशा चारच अक्षरांत लिहिलेला, सुमारे ९,६०० अक्षरांचा एकच लांब धागा. तो यकृताच्या पेशीत शिरला की पेशी आपलाच कागद समजून तो वाचते आणि सुमारे तीन हजार दुव्यांची एक लांबलचक प्रथिनसाखळी तयार करते. मग ती साखळी कापली जाते आणि तिची दहा प्रथिने होतात. त्यांतले एक कात्रीचे काम करते, एक धाग्याचे पीळ उलगडते, एक नकला उतरवते. म्हणजे कात्री, मदतनीस आणि लेखनिक हे सगळे त्या मजकुरातच लिहिलेले असतात. तेव्हा मजकूर बरोबर असेल, तर प्रयोगशाळेत तसा आरएनए बनवून पेशीत नुसता सोडला तरी विषाणू उभा राहायला हवा. पोलिओच्या बाबतीत १९८१ साली मजकुराची डीएनए प्रत पेशीत सोडून असाच विषाणू उभा करून दाखवला गेला होता.

चार्ल्स राइस यांचे सारे शिक्षण याच कलेत झाले होते. जन्म १९५२, सॅक्रामेंटो. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जेम्स स्ट्रॉस यांच्याकडे त्यांनी सिंडबिस नावाच्या, डासांतून पसरणाऱ्या विषाणूवर काम केले आणि १९८१ साली डॉक्टरेट मिळवली. हा विषाणू माणसांत फारसे नुकसान करत नाही. त्यामुळे त्याच्यावर काम करणाऱ्याला वर्तमानपत्रे विचारत नाहीत. १९८५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या विषाणूचा संपूर्ण मजकूर प्रसिद्ध केला. १९८६ साली सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आपली प्रयोगशाळा थाटली. तिथे आधी सिंडबिसचा आणि १९८९ साली पीतज्वराचा विषाणू नुसत्या मजकुरावरून उभा केला. त्याच वर्षी जाहीर झालेला 'सी' हा पीतज्वराचा भाऊबंद निघाला. प्रकरणांचा क्रम तसाच आणि साखळी कापण्याची रीतही तशीच. फाइनस्टोन यांच्याशी सहकार्य सुरू झाले आणि राइस या विषाणूकडे वळले. १९९३च्या सुमारास त्यांच्या आणि जपान, जर्मनी, इटलीतल्या काही गटांच्या कामातून ती लांब साखळी कुठे कुठे आणि कोणत्या कात्रीने कापली जाते याचा नकाशा तयार झाला.

आणि तरीही, छापील मजकुराबरहुकूम बनवलेला आरएनए पेशीत घातला की काहीच होत नव्हते.

पोथ्या हाताळणाऱ्याला अशा वेळी पहिली शंका येते ती शेवटच्या पानाची. पोथीची पहिली आणि शेवटची पाने सर्वांत आधी जातात. वाळवी तिथे लागते, गाठ तिथे घासते. राइस यांनाही शंका आली ती शेवटाचीच. प्रसिद्ध झालेल्या प्रतींत धाग्याचा शेवट कुठे 'यू यू यू यू' अशा रांगेने होत होता, तर कुठे 'ए'च्या रांगेने. पीतज्वराच्या कुळातल्या विषाणूंचा शेवट असा नसतो, तिथे घड्या पडलेला एक ठाशीव तुकडा असतो. मग इथेच असा ढिला शेवट का?

उत्तर उतरवून घेण्याच्या पद्धतीत होते. आरएनए वाचायचा तर आधी त्याची डीएनए प्रत करावी लागते, आणि ती सुरू करायला धाग्यावर कुठेतरी चिकटणारा एक छोटा तुकडा लागतो. 'यू'च्या लांब रांगेला 'ए'चा तुकडा चटकन चिकटतो. तो एकदा रांगेत चिकटला की प्रत तिथूनच सुरू होते, आणि रांगेच्या पलीकडे काय आहे ते कधीच उतरत नाही. समजा एखाद्या पोथीच्या शेवटाजवळ 'श्रीराम श्रीराम' असे पानभर लिहिले आहे. नक्कल करणाऱ्याला वाटले ग्रंथ संपला, त्याने पोथी मिटली. पलीकडचे पान राहून गेले.

राइस यांच्या प्रयोगशाळेत अलेक्झांडर कोलिखालोव्ह यांनी युक्ती केली. रुग्णाच्या नमुन्यातल्या विषाणूच्या आरएनएच्या अगदी टोकाला त्यांनी आपल्या माहितीचा एक कृत्रिम तुकडा जोडला आणि प्रत तिथून सुरू केली. आता मधल्या कोणत्याही रांगेत फसायचे कारण उरले नाही. १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. 'यू'च्या रांगेनंतर ग्रंथ संपत नव्हता, पुढे आणखी ९८ अक्षरे होती. जपानमध्ये कुनितादा शिमोतोहनो यांच्या गटालाही स्वतंत्रपणे हेच शेपूट सापडले होते. हा विषाणू जागोजागी अक्षरे बदलतो, एका रुग्णातला मजकूर दुसऱ्याशी जुळत नाही. पण ही ९८ अक्षरे जवळपास सगळीकडे तीच. ती कोणतेही प्रथिन सांगत नाहीत, स्वतःवरच दुमडून तीन गाठी तयार करतात.

कामाची नसलेली ही अक्षरे विषाणूने इतक्या कसोशीने का जपावीत? कारण लेखनिक कामाला सुरुवात तिथून करतो. आरएनएची नक्कल करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, धागा शेवटाकडून पहिल्या अक्षराकडे वाचत येते. आपल्या पोथ्यांत शेवटी पुष्पिका असते. अमुक शके, अमुक तिथी, अमक्याने लिहिले. ती गेली तर लेखनिकाचे नाव जाते, ग्रंथ राहतो. विषाणूच्या पोथीत मात्र शेवट गेला तर लेखनिक बसणार कुठे?

शेपूट मिळाले, पण तेवढे पुरेसे नव्हते. दुसरी अडचण खास आमच्या धंद्यातली. हा लेखनिक निष्काळजी आहे. लिहिलेले परत तपासण्याची सोय त्याच्यापाशी नाही. रोज अब्जावधी नकला निघतात आणि त्यांत चुका साचत जातात. एकाच रुग्णाच्या रक्तात त्याच ग्रंथाच्या असंख्य किंचित वेगळ्या प्रती फिरत असतात आणि त्यांतल्या कित्येक निकामी असतात. प्रयोगशाळेत एखादी प्रत उचलली तर ती धड असेलच याची खात्री नाही.

इथे मला पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती आठवल्यावाचून राहिली नाही. १९१९ ते १९६६ या काळात साडेबाराशेच्या आसपास हस्तलिखिते ताडून ती सिद्ध झाली. वि. स. सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी जी संहिता छापली ती जशीच्या तशी कोणत्याही एका पोथीत नाही. राइस आणि कोलिखालोव्ह यांनी तेच केले. १९७७ साली आजारी पडलेल्या, शास्त्रीय वाङ्मयात 'एच' एवढ्याच अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या एका रुग्णाच्या विषाणूच्या अनेक प्रती ताडून पाहिल्या, प्रत्येक जागी बहुसंख्य प्रतींत असलेले अक्षर घेतले आणि एक सर्वसंमत संहिता तयार केली. एक फरक सांगायला हवा. सुकथनकर प्रतींची डोकी मोजत नसत, त्यांची परंपरा तोलत. आणि दुसरा फरक मोठा. आपली संहिता व्यासांना वाचून दाखवण्याची सोय त्यांना नव्हती. राइस यांना यकृताला विचारता येत होते.

विचारले ते चिंपांझीच्या यकृताला. माणसाखेरीज हा विषाणू फक्त चिंपांझीतच मुरत असे आणि प्रयोगशाळेतल्या पेशींत तो तोपर्यंत वाढत नव्हता. तयार केलेला आरएनए दोन चिंपांझींच्या यकृतात थेट टोचला गेला. काही आठवड्यांत त्यांच्या रक्तात विषाणू वाढताना दिसला आणि यकृताला इजा झाल्याच्या खुणा दिसल्या. १९९७ साली हे 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी रॉबर्ट पर्सेल आणि येन्स बुक यांच्या गटानेही तसेच यश मिळवले. हा विषाणू एकटाच, दुसऱ्या कशाचीही मदत न घेता, हा आजार निर्माण करतो, याचा अखेरचा पुरावा हा. 'ना ए, ना बी' म्हटल्यापासून बावीस वर्षे गेली होती.

त्या दोन प्राण्यांबद्दल वाचताना मी थांबलो, हे लपवत नाही. माणसाच्या इतक्या जवळचा तो जीव, आणि त्याच्या पोटात सुई. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१५ साली चिंपांझींवरच्या प्रयोगांना आधार देणे थांबवले. मला ते योग्य वाटते. आणि तो प्रयोग झाला नसता तर दादाचे काय झाले असते, हेही मला ठाऊक आहे. या दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी आहेत, त्यांचा समेट मला साधलेला नाही.

पुढच्या एका प्रयोगाकडे फारसे कोणी वळत नाही, मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जिवंत संहिता हाती आल्यावर राइस यांच्या गटाने तिच्यात मुद्दाम एकेक बिघाड केला. कधी कात्री बोथट केली, कधी पीळ उलगडणारे प्रथिन, कधी लेखनिक. आणि कधी शेपटीतली अक्षरे काढली. प्रत्येक वेळी विषाणू उभाच राहिला नाही. २००० साली हे प्रसिद्ध झाले. याचा अर्थ असा की यांतली कोणतीही एक गोष्ट औषधाने बंद पाडली तर विषाणू मरेल. पुढे बाजारात आलेल्या औषधांपैकी एक जात कात्रीवर चालते, एक लेखनिकावर.

पण औषधे शोधायची तर हजारो रसायने तपासावी लागतात, ती चिंपांझींवर कशी तपासणार? त्यासाठी विषाणू काचेच्या बशीत वाढायला हवा. १९९९ साली जर्मनीतल्या माइन्झ इथे फोल्कर लोमान आणि राल्फ बार्टेनश्लागर यांनी विषाणूचा अर्धामुर्धा, स्वतःच्या नकला काढणारा पण बाहेर न पडणारा आरएनए यकृताच्या कर्करोगपेशींत जगवला. तो क्वचितच तग धरे. राइस यांच्या गटातल्या केरिल ब्लाइट यांनी पाहिले की जगलेल्या प्रतींत एखादेच अक्षर बदललेले असे आणि तेवढ्याने कार्यक्षमता कितीतरी पटींनी वाढे. २००५ साली ताकाजी वाकिता यांना जपानी रुग्णात सापडलेल्या एका वेगळ्या वाणाच्या आधारे पूर्ण विषाणू बशीत वाढवता आला. वाकिता, फ्रान्सिस किसारी आणि राइस, तिघांच्या गटांनी ते त्याच वर्षी दाखवले. राइस तोवर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात आले होते.

शेपटीइतकेच विलक्षण काही धाग्याच्या दुसऱ्या टोकालाही आहे. यकृताच्या पेशींत 'मिर-१२२' नावाचे जेमतेम बावीस अक्षरांचे आरएनए मुबलक असते. त्याचे काम घरातल्या इतर आरएनएंना आवरण्याचे, ते ज्याला चिकटेल त्याचे काम सहसा मंदावते. २००५ साली पीटर सार्नो यांच्या गटाला आढळले की हिपॅटायटिस सी विषाणूने आपल्या धाग्याच्या आरंभी त्याच्यासाठी बैठक करून ठेवली आहे आणि तिथे ते बसले की विषाणूचे उलट भलेच होते. दारावरचा रखवालदार चोराच्या घरी कामाला राहावा, तसे. हा विषाणू यकृतच का धरतो, त्याचे एक कारण इथे मिळते. २०१५ साली राइस आणि सहकाऱ्यांनी पुढची पायरी दाखवली. विषाणू इतके मिर-१२२ अडकवून ठेवतो की यकृताची स्वतःची कामे आवरायला ते कमी पडते. यकृताच्या कर्करोगाचा एक धागा कदाचित इथून जात असावा, असा त्यांचा कयास आहे.

आता गोळीकडे येतो. आधी उपचार होता तो इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाविरिन. सहा महिने ते वर्षभर ताप, अंगदुखी, खिन्नता, आणि विषाणूच्या काही वाणांत निम्म्या रुग्णांनाही गुण नाही. २०१३च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुवीर मंजूर झाले. मायकेल सोफिया या रसायनशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याचे नाव पडले. ही गोळी म्हणजे खोटे 'यू' अक्षर. लेखनिक ते खरे समजून नकलेत बसवतो, आणि त्याला पुढचे अक्षर जोडता येत नाही. नक्कल तिथेच तुटते. बारा आठवड्यांची किंमत ८४ हजार डॉलर, म्हणजे एका गोळीला हजार डॉलर. भारतीय कंपन्यांना ती बनवण्याचे परवाने मिळाले आणि २०१५पासून इथे ती कितीतरी स्वस्तात मिळू लागली. दादाने सोफोसबुवीर आणि डाक्लाटासवीर बारा आठवडे घेतले. रोज सकाळी नाश्त्यानंतर, रेडिओवरच्या बातम्या ऐकत. त्यानंतर तीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत विषाणूचा आरएनए आढळला नाही. २०१८पासून सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे मोफत मिळतात, पण त्यासाठी आपल्याला आजार आहे हे आधी कळायला हवे. २००१च्या आधी ज्यांना रक्त चढवले गेले आहे, अशा वाचकांनी एकदा ही तपासणी करून घ्यावी, एवढी विनंती इथेच करून ठेवतो.

२०२०चे वैद्यकाचे नोबेल ऑल्टर, हॉटन आणि राइस यांना मिळाले. तिघांहून अधिकांना ते देता येत नाही. २०१६ साली राइस यांच्याबरोबर लास्कर पुरस्कार मिळालेले बार्टेनश्लागर आणि सोफिया त्यात नव्हते. चू आणि क्वो यांना वगळले म्हणून हॉटन यांनी २०१३ साली गेर्डनर पुरस्कार नाकारला होता. साडेबाराशे पोथ्या उतरवणाऱ्यांची नावे आपल्याला तरी कुठे ठाऊक असतात?

"मग आता मला परत होणार नाही ना?" दादाने विचारले. होऊ शकतो. एकदा बरे झाल्याने कायमचे संरक्षण मिळत नाही, आणि 'ए' व 'बी'सारखी 'सी'वर लस अजून नाही, कारण लसीने ओळख पटवायची ती अक्षरेच हा विषाणू बदलत राहतो. चिंपांझींवर प्रयोग आता होत नाहीत. न्यूयॉर्कच्या गटारांतल्या उंदरांत याच कुळातला एक विषाणू २०१४ साली सापडला. राइस यांच्या प्रयोगशाळेने २०१७ साली तो साध्या प्रयोगशाळेतल्या उंदरांत रुजवून दाखवला. काही उंदरांत तो आपोआप जातो, काहींत माणसासारखाच मुक्काम करतो. तो का जातो आणि का राहतो, ते आता त्या उंदरांत पाहिले जात आहे.